चंदेरी आजी

सोजरबाईनं पाऊच कानाशी धरला, मुठीत चुरगळला आणि डोळे मिटून क्षणभर थांबली.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली आणि पाऊच बाजूला टाकला. "दुसरा द्या."

मी दुसरा दिला. पुन्हा तसंच.

"ह्यो भंगारात जातोय. दूधपिशवीच्या जातीचा हाय. फुडं?"

तिसरा तिनं कानाशी न्यायच्या आधीच फेकला. "चांदी. न्हाई." चौथ्याला म्हणाली, "कुरकुरीत हाय. ह्याला गिऱ्हाइक हाय, पर ह्यो दूधपिशवीत मिसळला की सगळा माल नासतो." माझ्या पर्समधल्या वहीत पाचही पाऊच कशाकशाचे आहेत ते लिहून ठेवलेलं होतं. प्रयोगशाळेत ते ओळखायला मला यंत्र लागायचं, आणि प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. या बाईचे चार पाऊच आत्तापर्यंत बरोबर आले होते आणि दोन मिनिटंही झाली नव्हती.

पाचवा पाऊच मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्याच्यासाठीच मी त्या शेडमध्ये आले होते.

ही गोष्ट मी सव्वीस वर्षांची होते तेव्हाची. सोलापुरात 'नीलव्वा शेंगा चटणी'च्या कारखान्यात मी पॅकिंग आणि क्वालिटी बघायची. पद्मजा दुडम हे माझं नाव, पण तिथं सगळे दुडम मॅडमच म्हणायचे. मालक शिवशरण हत्तुरे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांच्या आईनं, नीलव्वांनी, बाळीवेशीतल्या एका खोलीत दगडी उखळात चटणी कुटून विकायला सुरुवात केली होती. अण्णांनी त्याचा कारखाना केला. आई, त्यांची अव्वा, जाऊन आठ वर्षं झाली होती, पण पाऊचवर तिचा फोटो होता. इरकल लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, मागं चमकती चांदी. दुकानाच्या दांडीला आमच्या पाऊचची माळ लटकलेली असली की रस्त्याच्या पलीकडूनही नीलव्वा ओळखू यायच्या.

त्या वर्षी प्लास्टिकचे नवे नियम आमच्यापर्यंत येऊन पोचले. कंपनीनं जेवढं प्लास्टिक बाजारात सोडलं, त्याचं पुढं काय होतं याची जबाबदारी कंपनीचीच. एकतर पाऊच असा करा की तो वितळवून पुन्हा वापरता येईल, नाहीतर तेवढ्या वजनाच्या कचऱ्याची सोय लावली असा कागद दाखवा. आमचा चंदेरी पाऊच तीन थरांचा होता. बाहेर छपाईचा थर, मध्ये चांदीचा मुलामा, आत चटणीला लागणारा थर. तिन्ही वेगवेगळ्या जातींचे, एकमेकांना घट्ट चिकटवलेले. त्यात शेंगदाण्याचं तेल सहा महिने खवट होत नसे. पण ते थर वेगळे करणं कुणाच्या बापाला जमत नसे.

आणि नेमकं त्याच वेळी पुण्याकडच्या एका मोठ्या दुकानसाखळीनं आमची चटणी घ्यायचं ठरवलं होतं. त्यांची अट होती: माल निदान चार महिने टिकला पाहिजे आणि पाऊचवर पुनर्वापराची खूण पाहिजे. ते जमलं तर कारखान्यात दुसरी पाळी सुरू होणार होती. आणखी तीस बायकांना काम मिळणार होतं. त्यांच्या नावांची यादीसुद्धा तयार होती. त्यात माझ्या गल्लीतल्या, यंत्रमाग बंद पडल्यानं घरी बसलेल्या चौघी होत्या.

यावर तोडगा आणला मेहुलभाईंनी. ते आमचे पाऊचवाले, बाहेरगावचे. दिसायला चकचकीत, हाताला जाड, कोपऱ्यात हिरवी तीन बाणांची खूण असा एक पाऊच त्यांनी अण्णांच्या टेबलावर ठेवला.

"एकाच जातीचा माल आहे अण्णा. शंभर टक्के रिसायकल. आणि चटणी चार महिने हलणार नाही. हे बघा सर्टिफिकेट."

अण्णा खूश झाले. मला म्हणाले, "सोमवारी तुमची सही होऊ द्या मॅडम, म्हणजे रोल मागवतो."

मी सर्टिफिकेट तीनदा वाचलं. त्यात 'करता येईल' असं होतं. कोण करतं, कुठं करतं, ते नव्हतं. भंगारवाल्यांना फोन लावत सुटले. तिघांनी उडवून लावलं. चौथा म्हणाला, "मॅडम, आम्हालाबी जो माल कळत न्हाई तो आम्ही सोजरबाईला दाखवतो. कचरा डेपोपाशी शेड हाय बायकांची. तिथं जावा."

म्हणून शनिवारी सकाळी मी तिथं होते. पत्र्याची लांबलचक शेड, दहा-बारा बायका ढिगाभोवती बसलेल्या, आणि मधोमध सोजरबाई साबळे. पन्नाशीची, काटक, हातात रबरी मोजे, डोक्यावर पदर. तीस वर्षं ती हेच काम करत होती.

मी पाचवा पाऊच तिच्या हातात दिला.

तिनं तो चुरगळला. पुन्हा चुरगळला. भुवया जवळ आल्या. मोजा काढून बोटांनी चोळून बघितला. मग दातांनी कडेला चीर दिली आणि हळूहळू फाडत नेला.

"ह्यो लबाड हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"बाहेरनं दूधपिशवीचं सोंग घेतंय. पोटात दुसरंच हाय. हे बघा." फाटलेल्या कडेला एक केसाएवढा पातळ पापुद्रा लोंबत होता. तिनं तो नखात धरून ताणला. तो तुटेना. "दूधपिशवी अशी ताणली की लांब होती, पांढरी पडती. ही न्हाई होत." मग काडी ओढून तिनं तुकड्याचं टोक पेटवलं, लगेच विझवलं आणि माझ्या नाकापुढं धरलं. "वास घ्या. मेणबत्तीचा यायला पायजे. येतोय?"

मेणबत्तीचा वास होता. पण त्याच्या खाली दुसरा एक होता, केस जळाल्यासारखा. तो वास मला माहीत होता. कॉलेजात आम्हाला एकदाच दाखवला होता. नायलॉन.

"सोजरबाई, तुम्ही शाळा कुठवर शिकलात?" मला राहवलं नाही.

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. ती मात्र सरळ म्हणाली, "शाळेच्या मागच्या उकिरड्यापत्तर."

*

सोमवारी सकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा स्वभाव तसा नव्हता, त्यामुळं मी जास्तच घाबरले.

"म्हणजे मॅडम, मेहुलभाईच्या सर्टिफिकेटवर तुमचा विश्वास नाही. आणि कचरा वेचणाऱ्या बाईच्या नाकावर आहे. असंच ना?"

"तपासायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुकडा दिलाय अण्णा. गुरुवारी कळेल."

"आणि गुरुवारी त्या पुण्याच्या लोकांना काय सांगू? नाकाची वाट बघतोय म्हणून?"

गुरुवारी रिपोर्ट आला. आतल्या थरात नायलॉन होतं. सोजरबाई बरोबर होती. मी तो कागद घेऊन कितीतरी वेळ जिन्यातच उभी राहिले. प्रयोगशाळेच्या रिपोर्टला चार दिवस लागले ते तिनं दातांनी केलं होतं.

अण्णांनी मेहुलभाईंना फोन लावला. पलीकडून आधी आवाज चढला, मग उतरला. "थोडंसं आहे अण्णा, पाच-सहा टक्के. त्याच्याशिवाय तेल थांबतच नाही. कागदावर एवढं चालतं." ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. कागदावर खरंच चालत असेल. सोजरबाईच्या शेडमध्ये चालत नव्हतं एवढंच.

"मग निव्वळ दूधपिशवीच्या जातीचाच पाऊच घ्या ना," अण्णा मला म्हणाले.

"घेता येईल. मी महिन्यापूर्वीच चटणी भरून ठेवलीय त्यात. माझ्या अंदाजानं पन्नास दिवस टिकेल. साठाव्या दिवशी वास येईल. आणि बाहेरून हाताला थोडं तेल लागतं."

"पन्नास दिवस." ते उठून खिडकीपाशी गेले. "चार महिने मागतायत ओ ते. पन्नास दिवसांत माल त्यांच्या गोदामातून बाहेर पण यायचा नाही."

मग वळून म्हणाले, "जुनाच चंदेरी पाऊच चालू ठेवू. जेवढं वजन होईल तेवढ्याची सोय लावल्याचा कागद विकत मिळतो. नियमात बसतंय ना? बसतंय. खूण हवी म्हणतात, तर तेवढं त्यांच्याशी बोलून घेतो. तुम्ही सही करा."

नियमात बसत होतं. मी नाही म्हणावं असं त्यात काही नव्हतं. यादीतल्या चौघी डोळ्यांसमोर होत्या. मी पेन उघडलंसुद्धा. पण तोंडातून निघून गेलं, "अण्णा, सही करते. पण त्याआधी एकदा माझ्याबरोबर तिथं चला. अर्धा तास."

"कचरा डेपोत?"

"हो."

"कशाला?"

म्हटलं, "मी एवढे पाऊच पास केले, पण ते जातात कुठं हे एकदाही बघितलं नाही. तुम्ही तर पंधरा वर्षं बनवताय."

ते चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

*

आम्ही पोचलो तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. सगळ्या बायका मागं डेपोवर गेल्या होत्या. तिकडून घरघर ऐकू येत होती. आवाजाच्या दिशेनं गेलो आणि शेडला वळसा घालून पुढं आल्यावर दोघंही जागीच थांबलो.

समोर डोंगर होता. गवत उगवलेला, वरून साधा टेकाडासारखा दिसणारा, पण एका बाजूनं उभा कापलेला. कापलेल्या बाजूला थर दिसत होते. वीस वर्षांचं सोलापूर तिथं एकावर एक रचलेलं होतं. एक पोकलेन तो डोंगर पोखरत होतं आणि ती माती एका प्रचंड फिरत्या चाळणीत ओतत होतं. चाळण म्हणजे एस.टी. बसएवढं लांब, जाळीचं आडवं पिंप. ते संथपणे गरगरत होतं. खाली जाळीतून माती झरत होती, आणि पलीकडच्या तोंडातून, मातीत न मिसळलेलं जे काही होतं ते बाहेर पडत होतं.

सोजरबाई त्या तोंडापाशी उभी होती. मला बघून तिनं हात केला.

"या बाई! ह्यो जुना डेपो उपसायलाय. माती येगळी, पिलाष्टिक येगळं. बघा तर माती कशी झालीय."

तिनं चाळणीखालची मूठभर माती उचलून आमच्यापुढं धरली. काळीभोर, मऊ, चहाच्या भुकटीसारखी. वास येईल म्हणून मी नाकाला रुमाल लावला होता तो काढला. घाण वास नव्हताच. शेतात पहिल्या नांगरटीला येतो तसा वास होता.

"ह्याच्यात समदं हाय," ती म्हणाली. "भाजीपाला, भाकरी, चिंध्या, लाकूड, कागद, मेलेली कुत्री-मांजरं. लगीनघरातल्या पत्रावळी. वीस वर्षांत मातीनं समदं खाल्लं. काय बी मागं ठेवलं न्हाई. मला तर लई नवल वाटतंय."

अण्णांनी ती माती हातात घेतली. बोटांनी चोळली.

"आन् हे मातीनं जे नगं म्हटलं ते," असं म्हणून तिनं चाळणीच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

तिथून चपलांचे तळ येत होते, चिखलानं माखलेल्या पिशव्या येत होत्या, आणि मध्येच ऊन पडून काहीतरी चमकत होतं. चमकणारं ते बायका वेचून एका बाजूला टाकत होत्या. तो ढीग माझ्या खांद्याएवढा उंच झाला होता. त्या दुपारच्या उन्हात नजर ठरत नव्हती. जवळ गेल्यावर मला कळलं तो कसला आहे, आणि मी अण्णांना अडवायला वळले. पण ते माझ्या पुढं गेले होते.

ढिगात अनेक कंपन्यांची पाकिटं होती. पण सगळ्यात जास्त आमची होती. आपल्याच गावात सगळ्यात जास्त खपणारी चटणी. शेकडो नीलव्वा. काही पालथ्या, काही उताण्या, काही अर्ध्या मातीत. मात्र फोटोचा रंग कुठंही उतरला नव्हता. विभूतीचे तीन पट्टे, लुगड्याचा लाल काठ, डोळे. जसं त्यांना कालच छापखान्यातून आणलंय.

सोजरबाईला हा माणूस कोण हे माहीत नव्हतं. मी सांगायचं राहून गेलं होतं. ती आपल्या नादात बोलत होती.

"ही म्हातारी तर आम्हाला रोज भेटती. आम्ही तिला चंदेरी आजी म्हणतो. शेडमधी नवी येती, हितं जुनी निघती. पोरी हिच्याशी बोलतात बी. 'आजी, आज लई आलीस गं.'" ती हसली. "हिला कुणी घेत न्हाई बगा. भंगारवाला न्हाई, कारखानावाला न्हाई. सिमेटवाल्याची गाडी भट्टीत जाळायला न्यायला कधी येती, कधी न्हाई. मातीबी घेत न्हाई."

अण्णा खाली बसले. गुडघ्यावर, त्या ढिगापुढं, पांढऱ्या पँटीत. त्यांनी एक पाऊच उचलला. त्यावरचा चिखल अंगठ्यानं पुसला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, हा पहिला लॉट आहे."

"कशावरून?"

"हे बघा. 'शेगा चटणी'. छापखानावाल्यानं अनुस्वार खाल्ला होता. पाच हजार पाऊच आले होते असले. मी डोकं धरून बसलो. अव्वा हसली. म्हणाली, 'शेंगेवरचं टिंब गेलं तर जाऊ दे, चटणीतलं मीठ तर गेलं नाही ना?' तेच भरले आम्ही. तिच्या हातानं भरले तिनं." ते थांबले. पाऊच उलटासुलटा केला. "हा तिनं भरलेला आहे."

सोजरबाईचा चेहरा बदलला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

पोकलेन थांबलं होतं, चालक पाणी प्यायला उतरला होता. चाळण मात्र फिरत होती, रिकामी. अण्णा बोलले ते इतकं हळू की वाकून ऐकावं लागलं.

"आम्हा लोकांत जाळत नाहीत. मातीत बसवतात. अव्वाला मी माझ्या हातानं माती दिली. या दोन हातांनी. आठ वर्षं झाली. मला वाटत होतं, ती मातीत मिसळली." त्यांनी ढिगाकडं हात केला. "आणि ही इथं अशीच पडलीय. हिला माती पण घेत नाही म्हणते ही बाई."

बारा बायका, मी, तो चालक, सगळे उभे होतो. मी पाच वर्षं प्लास्टिक शिकले होते. ते शेकडो वर्षं टिकतं हे वाक्य मी परीक्षेत कितीदा लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. माणूस जातो, त्याचे हात जातात, त्या हातांनी कुटलेली चटणी कुणीतरी भाकरीशी खाऊन संपवतं. आणि तिच्याभोवतीचा पापुद्रा राहतो. तो राहण्याची ताकद बघून भीती वाटावी की हात जोडावेत ते कळत नव्हतं.

सोजरबाई पुढं झाली. तिनं अण्णांच्या हातातला पाऊच घेतला, स्वतःच्या पदरानं दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसला आणि परत त्यांच्या हातात ठेवला.

"मला म्हाईत नव्हतं अण्णा," ती म्हणाली. "न्हाईतर असं बोलले नसते."

"बोललात ते बरं झालं," अण्णा म्हणाले. उठले, पँट झटकली नाही. "आता मला सांगा. तुम्हाला काय पाहिजे? काय केलं तर ते तुमच्याकडून पुढं जाईल?"

असा प्रश्न तिला तीस वर्षांत कुणी विचारला नसावा. ती गोंधळली. मग बोटांवर मोजत सांगू लागली. "एकाच जातीचं करा. दूधपिशवीच्या. चांदी नको. पोटात कायतरी लपवू नका. आन्..." ती अडखळली.

"बोला की."

"शाई कमी करा. एवढी शाई असली की वितळवल्यावर गोटा काळा-निळा होतो. घेणारा नाक मुरडतो."

"किती कमी?"

"नावापुरती. एका रंगात."

"आणि फोटो?"

सोजरबाईनं खाली बघितलं. "फोटोच तर समदी शाई खातो अण्णा."

अण्णा गाडीपर्यंत चालत आले. अनुस्वार नसलेला तो पाऊच त्यांनी घडी करून खिशात ठेवला होता. गाडी सुरू करायच्या आधी म्हणाले, "पन्नास दिवस नको. पंचेचाळीस लिहा. खवट चटणी कुणाच्या ताटात जायला नको."

"आणि पुण्याचं?"

"त्यांना विचारू पंचेचाळीस चालतं का. नाही म्हणतील." त्यांनी गिअर टाकला. "आणि फोटो काढा."

*

ते नाहीच म्हणाले. दुसरी पाळी सुरू झाली नाही. तीस नावांची यादी माझ्या कपाटात कित्येक महिने होती. माझ्या गल्लीतल्या चौघींपैकी एकीनं पुढचं वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि मला तिचा राग आला नाही. नवा पाऊच निघाला तेव्हा तो बिचारा दिसत होता. दुधी रंगाचा, आतली तांबडी चटणी दिसणारा, त्यावर तपकिरी अक्षरात फक्त 'नीलव्वा'. जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं नक्कल आहे. दोन दुकानदारांनी माल परत केला. तेल लागतं म्हणून तक्रारी आल्या. अण्णा स्वतः दुकानोदुकानी जाऊन सांगत फिरले. पंचेचाळीस दिवसांत विकायची म्हणून चटणी थोडी-थोडी आणि रोज ताजी जाऊ लागली. दोन वर्षांनी लोक म्हणू लागले, आता पुन्हा नीलव्वांच्या वेळची चव आलीय. कारखाना फार मोठा झाला नाही. तेव्हाच्या बायकांपैकी कुणालाही घरी जावं लागलं नाही, एवढं मात्र खरं. मेहुलभाई पुढच्याच वर्षी निव्वळ एका जातीचा रोल घेऊन स्वतः सोजरबाईच्या शेडमध्ये गेले, आधी तिला दाखवला आणि मगच आमच्याकडं आणला.

आमच्या रिकाम्या पाऊचांचे पहिले गठ्ठे शेडमध्ये बांधले गेले, तेव्हा ते घ्यायला चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार आला. तो वितळवून नर्सरीच्या रोपांच्या पिशव्या करायचा. मी सहज सोजरबाईला विचारलं, "तुम्ही बघितलाय का तो कारखाना?"

"आम्ही कुठं बाई? आमचं काम हितं गाडीत टाकलं की सपलं."

तीस वर्षं तिनं शहराचं प्लास्टिक निवडलं होतं आणि त्याचं पुढं काय होतं ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी त्या कारखानदाराला फोन केला.

आम्ही तिघं गेलो. सोजरबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि गाडीत ती काचेला हात लागू नये म्हणून आवरून बसली होती. कारखाना लहानच होता. एका टोकाला आमचे धुतलेले, चिरलेले पाऊच यंत्रात पडत होते. तिथं ती रेंगाळली, वाकली, सवयीनं हात घालून एक कुरकुरीत तुकडा बाजूला काढला आणि चालकाला म्हणाली, "ह्यो चुकून आलाय."

मग आम्ही दुसऱ्या बाजूला गेलो.

तिथं जमिनीपाशी एक तापलेलं गोल तोंड होतं आणि त्यातून वितळलेलं प्लास्टिक वर निघत होतं. निघता निघता त्यात हवा भरत होती आणि त्याचा फुगा होत होता. फुटबॉलएवढा नाही, घराएवढा. पातळ, दुधी, किंचित तपकिरी झाक असलेला, आरपार उजेड दिसणारा एक खांब छताच्या दिशेनं सतत चढत होता. दोन मजले वर जाऊन तो चपटा होई आणि रुळावरून खाली येई. कुठं शिवण नाही, टाका नाही. आवाज जवळजवळ नाहीच. नुसतं चढणं. छपराच्या काचेतून ऊन त्याच्यात उतरलं होतं आणि आतून तो पेटल्यासारखा दिसत होता. मी ते यंत्र पुस्तकात पाहिलं होतं, कॉलेजात पाहिलं होतं. तरी ते असं कधी दिसलं नव्हतं.

अण्णांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

सोजरबाई वर बघत होती. मान जाईल तेवढी मागं. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला तरी तिला कळलं नाही.

"हे..." ती म्हणाली. "हे आपलंच हाय?"

"तुमचंच," मी म्हणाले. "तुम्ही निवडलेलं."

"एवढं वर जातंय व्हय?"

ती आणखी एक पाऊल पुढं गेली. उष्णता चेहऱ्यावर येत असणार, पण ती मागं सरली नाही.

"आयुष्यभर मी खाली बघूनच हिंडले गं," ती म्हणाली. मला ती पहिल्यांदाच 'गं' म्हणाली होती.

यंत्रावरचा चालक ओरडला, "मावशी, सरका मागं, गरम आहे ते!"

"असू दे रं बाबा," सोजरबाई म्हणाली. तिनं मान खाली घेतली नाही. "जरा बघू दे."